धानोऱ्याचं नाक

ऐका हो ऐका! धानोरे गावातील तमाम लहानथोर, बायाबापडे, गाडीवान, गुराखी आणि ज्यांच्या घरात अजून कापूस पडून आहे असे सर्व कास्तकार, यांस जड अंतःकरणाने व योग्य त्या गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या गावाचं नाक माघातल्या मंगळवारी, दिवस उगवता उगवता, वारलं. नाकामागे जो माणूस होता तोही त्याच वेळी गेला. यापुढे ज्याने त्याने आपापल्या नाकावर भागवून घ्यावं.

लोटन, ही दवंडी मी दुकानाचं दार आतून ओढून घेऊन, रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर कात्रीने ताल धरून, तीनदा म्हणून पाहिली. झकास जमली. ऐकायला तेवढा तू नव्हतास. असतास तर अर्ध्यातच हात वर करून म्हणाला असतास की ‘जड अंतःकरणाने’ला तुझा आवाज पुरेसा जड होत नाही, पुन्हा म्हण. माझी प्रत्येक नक्कल तू अशी दुरुस्त करायचास, आणि त्यातल्या निम्म्या नकला तुझ्याच असायच्या.

शिवाय दवंडीत एक खोट आहे, ती तुला मला दोघांनाच ठाऊक. नाक मंगळवारी गेलं नाही. ते तीन हिवाळ्यांपूर्वीच गेलं होतं. गावाला ते सांगायचं की नाही यावर आपण दोघं तीन वर्षं भांडलो, आणि भांडण निकाली न लावता तू उठून गेलास. माझ्या दुकानातूनही तू असाच उठून जायचास, चहा संपला की.

वाचणाऱ्याला तू माहीत नाहीस, तेव्हा तुझ्यादेखतच तुझी ओळख करून देतो. मध्ये बोलू नकोस.

बारा हंगाम तू नंदुरबारला जीनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, फाटकावर होतास. गावोगावच्या कापसाच्या गाड्या यायच्या. गाडीवान रस्ताभर बिड्या ओढत आलेले. एखादी ठिणगी कापसात शिरून बसलेली असली तर ती आत जाऊ नये म्हणून तुला तिथे उभा केलेला. तू बाही खांद्यापर्यंत सारायचास, डावा हात कापसात काखेपर्यंत खुपसायचास, डोळे मिटून एवढं आवंढा गिळण्याइतकं थांबायचास, आणि हात बाहेर काढून तळव्याचा वास घ्यायचास. मग एक तर “सुखी शे”, म्हणजे सुखरूप आहे, म्हणायचास, नाही तर “उतरव”. उतरव म्हटलं की गाडीवान तुझ्या सात पिढ्या काढायचा. अर्धी गाडी उतरली आणि पोटातून काळा धुमसता गोळा निघाला की तोच तुझे पाय धरायचा.

“लाकूड जळताना बोलस,” तू मला सांगितलं होतंस. “गवत बोलस. कापूस बोलत नही. दोन दोन दिन मझार जळस, आनि वर पांढराफेक ऱ्हास.”

गुडघे गेले तसा तू जीन सोडून गावी आलास. पहिल्या दिवाळीनंतर, दिवेलागणीला, तू आपल्या घरच्या ढिगात हात घातलास. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या. महिनाभरात तू अख्ख्या गावाच्या कापसात हात घालून आला होतास, आणि कुणी बोलावलं नव्हतं.

आता आमच्या गावाची रीत. कापूस वेचला की तो घरात येतो, आणि भाव चढेल या आशेवर माघापर्यंत घरातच राहतो. आधी कोपरा त्याचा, मग खोली त्याची, मग घर त्याचं. माणसं त्याच्या कडेकडेने पाहुण्यासारखी राहतात. सातपुड्याकडचं वारं सुटलं की हीच माणसं फुटक्या घागरीच्या खापरात गोवरीचा इस्तो, म्हणजे विस्तव, भरून ते ढिगाशेजारी ठेवतात. पाठ कापसाला, पोट विस्तवाला; राजाच्या महालात इतकी ऊब नसेल. दवात वेचलेला ओला कापूस असला तर त्याच खापराभोवती वाळत घालायचा. म्हाताऱ्या पाय ढिगात घालून बसायच्या आणि हात खापरावर धरायच्या. मागच्या कुडाला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या टेकून ठेवलेल्या, वर गवताचं छप्पर. हे असं आमच्या वाडवडलांपासून चाललेलं. तू येईपर्यंत यात भिण्यासारखं काही आहे हे आम्हाला सुचलंच नव्हतं, आणि सुचलं त्याबद्दल आम्ही तुझ्यावर बराच काळ रागावलेलो होतो.

कारण तू नुसता वास घेऊन जायचा नाहीस. खापर ओट्यावर काढायला लावायचास. सकाळसाठी राखेत दाबलेल्या विस्तवावर पालथं घमेलं आहे की नाही ते पायाने सरकवून बघायचास. कुणी बाई शेजारून इस्तो मागून उघड्या गोवरीवर नेताना दिसली तर तिला गल्लीत उभी करून झाकणाचं मडकं आणायला परत पाठवायचास. एकदा पाटलांच्या सुनेलाही पाठवलंस. गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

आणि मी काय करत होतो? मी तुझी नक्कल करत होतो. मारुतीच्या ओट्यावर चार माणसं जमली की माझ्या अंगात तू यायचास. मी बाही सारून कुणाच्या पागोट्यात हात घालायचो, कुणाच्या काखेत, डोळे मिटायचो, तळवा हुंगायचो आणि म्हणायचो, “उतरव.” लोक लोळायचे. एकदा तू मागे उभा राहून सगळं पाहिलंस. मी मनातून घाबरलो. तू पुढे आलास आणि एवढंच म्हणालास की हात डावा घाल, उजव्याने मी जेवतो. तेव्हापासून मी तुझा झालो. जो माणूस आपली थट्टा बरोबर व्हावी म्हणून धडपडतो त्याच्यापुढे थट्टा करणाऱ्याने काय करावं?

मग ते वर्ष आलं. पोळ्यानंतर तुला तापाने महिनाभर धरलं. उठलास तो निम्मा होऊन, पण तुळशीच्या लग्नापर्यंत पुन्हा फेरी सुरू केलीस. त्याच दिवसांत एका दुपारी तू माझ्या दुकानात बसला होतास आणि मी एका नवरदेवाच्या कोटाला इस्त्री करत होतो. करत कसला, बोलत होतो. नवरदेवाचा मामा कोटाची मापं द्यायला कसा पोट आत ओढून उभा राहिला ते तुला करून दाखवत होतो, आणि इस्त्री कोटावर तशीच. माझं नाक तपकिरीने केव्हाच निकामी केलेलं. पण धूर मला दिसला. तो कोटावरून उठला आणि सरळ, काही आडवळण न घेता, तुझ्या नाकपुड्यांत शिरला. तू हसत होतास. मामाचं पोट पुन्हा दाखव म्हणत होतास.

मी थांबलो. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस, मग खाली कोटाकडे.

“लोटन, तुले वास नही उना?”

तू इस्त्री उचलून कडेला ठेवलीस. निखाऱ्याचं भांडं असं ठेवायचं असतं हे मला दाखवावं तसं, हळूच.

“पोळापासून नही येत, बन्सी. दूध नही, माती नही, सायजानी भाजेल भाकर नही. काहीच नही.”

कोटाची गोष्ट आधी संपवतो, नाही तर तू म्हणशील की विसरला. त्या भोकावर मी एक जादा खिसा लावला आणि नवरदेवाच्या बापाला सांगितलं की सुरतेला सध्या हीच चाल आहे. त्या लग्नसराईत आणखी तीन नवरदेवांनी तसला खिसा मागून घेतला. तू प्रत्येक वरातीत माझ्याकडे बघून खोकायचास.

पण त्या दुपारी आपण हसलो नाही. मी म्हणालो, गावाला सांग. तू म्हणालास, नाही. मी म्हणालो, तू ‘सुखी शे’ म्हणतोस आणि त्या शब्दावर म्हाताऱ्या कापसात पाय घालून निवांत झोपतात. तू म्हणालास, हाताला आतली ऊब लागतेच की. मी म्हणालो, तूच सांगतोस की हाताला उशिरा कळतं, नाकाला आधी. यावर तू उलट मलाच विचारलंस:

“मी जासू नही तं त्या खापर बाहेर काढतीन का?”

मग मी माझा महान त्याग केला. तपकीर सोडली. तीस वर्षांची सोबत, शिंगाच्या डबीसकट. पहिले आठ दिवस मी इतका शिंकलो की शिवणाचं माप चुकून एका गृहस्थाची बंडी त्याच्या बायकोला बरोबर बसली. पण नाक हळूहळू जागं झालं, आणि त्या हिवाळ्यापासून आपण दोघं मिळून एक माणूस झालो. हात तुझा, नाक माझं. तू तळवा नाकाशी न्यायचास आणि मी तुझ्या खांद्यावरून वाकून बघितल्यासारखं करायचो. एकदा खोकलो तर सुखी, दोनदा खोकलो तर थांब. लोक म्हणायचे, शिंपी सुधारला, ज्याची टर उडवायचा त्याचाच चेला झाला. बायका मला पाटावर बसवायला लागल्या. माझ्या उभ्या जन्मात मला इतकं कुणी मानलं नव्हतं, आणि तेही नाकासाठी.

आठवतं, एका घरी मी दोनदा खोकलो? जळका वास अगदी स्पष्ट होता. तू ढिगावर हात ठेवून असा काही गंभीर झालास की मलाच भीती वाटली. सगळा कापूस अंगणात ओढून पसरला, चारपाच गडी लागले. ठिणगीचं नाव नाही. तेवढ्यात मागच्या चुलीवरून घरधनीण धावत आली. तिचं दूध उतू जाऊन करपलं होतं. मी जमीन दुभंगायची वाट बघत होतो. आणि तू शांतपणे म्हणालास की दूधही आगच आहे, लक्ष ठेवत जा. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की लोटनला आता भिंतीपलीकडचं दूधसुद्धा कळतं.

पण दर फेरीनंतर, घरी परतताना, मी तेच म्हणायचो. सांगून टाक. एक दिवस मी नसेन, मग? तू म्हणायचास, तू कुठं जातोस, तुझ्या यंत्राला पाय आहेत, तुला नाहीत.

या मार्गशीर्षात मी गेलो. आगगाडीने नवापूरला, लेकीकडे. तिच्या नणंदेचं लग्न, आठ दिवसांची शिवण. निघताना तुला म्हणालो की मी येईपर्यंत फेरी बंद ठेव, पायाला लागलंय म्हणून सांग. तू मान हलवलीस. ती मान ‘हो’ला हलवलीस की नुसती, हे मी बघायला हवं होतं. गाडी चुकेल म्हणून मी घाईत होतो.

ते आठ दिवस मी नवापुरात लोकांना हसवत होतो. परत आलो तर गाडीवानाने वेशीवरच सांगितलं, तुळसामायचं घर गेलं.

तुळसामाय, म्हणजे भिकाची आई. सत्तरीची, गावातली सगळ्यात थंडाळू बाई. वैशाखातही गोधडी पांघरायची. भिका, त्याची बायको आणि ही. घर कुडाचं, मागे पऱ्हाट्यांची गंजी, आत खोलीभर कापूस. तू दोन दिवस आधी सांजेला तिथे जाऊन हात घातला होतास. ‘सुखी शे’ म्हणाला होतास. खापर तुझ्या डोळ्यांसमोर ओट्यावर निघालं होतं. तिसऱ्या सकाळी तुळसामायने ऊन आत यावं म्हणून दार उघडलं, वारं आत गेलं, आणि तो पांढरा ढीग मधोमध खचला. भिका मला सांगत होता की आवाज काही झालाच नाही. खड्डा पडला, खड्ड्यातून धूर आला, मग वर जाळ. तू गुडघे विसरून धावलास, “ओढा, पसरा, वरून पाणी नको” म्हणून घसा फोडलास. कोण ऐकतो? अख्खं गाव घागरी घेऊन आलं आणि ढिगावर वरून ओतू लागलं. वरचं विझलेलं दिसलं, लोक थांबले, आणि आतल्याने छप्पर धरलं. तुळसामायला उचलून बाहेर आणलं तेव्हा तिच्या तळपायांना फोड आलेले. मागे दावणीला एक वासरू होतं. त्याचा दोर सोडायला कुणी पोचलं नाही.

मी आलो तेव्हा राखेतून अजून वाफ निघत होती आणि तू माझ्या दुकानाच्या पायरीवर बसलेला होतास. तुला कुणी एक शब्द बोललं नव्हतं. उलट गावाने निकाल देऊन टाकला होता: लोटननं परवाच हात घालेल व्हता, तो सुखी शे म्हनेल व्हता, म्हणजे ठिणगी मांगून पडनी. तुझी साक्ष तुझ्याच बाजूने काढली होती लोकांनी. त्या निकालाने तुझं तोंड जसं झालं होतं तसं मी आगीतून बाहेर काढलेल्या माणसाचंही पाहिलेलं नाही.

“बन्सी,” तू म्हणालास, “मी आज सांगी देस.”

आणि तीन वर्षं ‘सांग, सांग’ म्हणून तुझं डोकं खाणारा मी म्हणालो, नको.

कारणं मी भराभर दिली. कारणं द्यायला मला कधीच वेळ लागत नाही. थंडीचे अजून दोन महिने आहेत, नाकच नाही म्हटल्यावर तुला कोण दार उघडेल, मग खापरं आतच राहतील. तुझीच जुनी बाजू मी तुझ्यापुढे मांडली, आणि तुझ्यापेक्षा चांगली मांडली. खरं कारण बोललो नाही. त्या घरातलं नाक माझं असायला हवं होतं, आणि ते नवापुरात लग्नाच्या जिलब्या हुंगत होतं. तू सांगितलं असतंस तर तुझ्या मागोमाग मलाही उभं राहावं लागलं असतं. लोटन, मी तुला वाचवत नव्हतो. हे तुला तेव्हाच कळलं असावं. तू एवढंच म्हणालास की बरं, आणि उठून गेलास. चहा अजून संपला नव्हता.

त्यानंतर तू फेरी थांबवली नाहीस, वाढवलीस. एकेका घरात खापर बाहेर जाऊन त्यावर माती पडेपर्यंत उंबऱ्यात बसून राहायचास. आणि आपल्या घरातला विस्तव बंद केलास. स्वयंपाक झाला की चूल पाण्याने विझवायची, शेगडी नाही, खापर नाही. तुझं घर धाब्याचं, मातीचं, कापूस तर तू कधीच विकून मोकळा. पेटायला होतं काय त्यात? मी हे तुला दहा प्रकारे पटवलं. मातीच्या छपराची नक्कल करून दाखवली, ते कसं म्हणतं की बाबा, मला पेटायचंय पण जमत नाही. तू हसलास आणि म्हणालास,

“लोकेसले मी हिवमा झोपाले सांगस. मंग मी काब्र शेकू?”

छातीत कफ झाला. घरघर ओट्यावरून ऐकू यायला लागली. तुझ्या बायकोने, सायजावहिनींनी, खोलीत शेगडी आणली की तू हाताने दाखवायचास, बाहेर. वैद्याने सांगितलं ऊब द्या. ऊब द्या! इतकं सोपं औषध जगात दुसरं नसेल. गावातल्या प्रत्येक घरात ते भरलेलं, आणि ते तुझ्या खाटेपर्यंत न्यायची कुणाला सोय नाही.

मग मला माझी इस्त्री सुचली. निखारे भरून, झाकण लावून, मी ती तुझ्याकडे घेऊन आलो आणि म्हणालो की हा विस्तव नव्हे, हे माझं हत्यार आहे, आणि या गोधडीची अवस्था शिंप्याला बघवत नाही. तुझ्या अंगावरची गोधडी काढून मी तिथेच जमिनीवर तिला इस्त्री केली, दोन्ही बाजूंनी, मन लावून, आणि गरम गरम तुझ्यावर घातली. तू डोळे मिटून पडलास. तुझे खांदे खाली आले ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सायजावहिनी म्हणाल्या, “बन्सीभाऊ, गोधडीले लई चुन्या पडन्यात.” मी पुन्हा आलो. वहिनी आणि मी, दोघंही अगदी गंभीर चेहऱ्याने चुण्या मोजत होतो. तिसऱ्या दिवशी मी इस्त्री खाली ठेवली आणि तू म्हणालास, पुरे झालं तुझं सोंग, घेऊन जा. रागावून नाही. दमून. मी घेऊन गेलो. नको म्हणालो असतो तर? दाराबाहेर जाऊन निखारे फेकल्यासारखं करून परत आलो असतो तर? मला तर फसवायची आयुष्यभराची सवय. नेमकी त्या दिवशी ती कुठे गेली होती?

त्याच संध्याकाळी, म्हणजे शेवटचं धड बोललास तेव्हा, तू म्हणालास, “मी ग्या का तू सांगजो. तुन्हा तोंडे शोभी.” मी काय उत्तर दिलं? म्हणालो, सांगेन की, पण हात डावा घालायचा की उजवा? तू हसलास, मग खोकलास, मग वहिनी आत आल्या. मी हो म्हटलंच नाही. आता ते म्हणायला तू नाहीस, म्हणून परवा मी ते करूनच टाकलं. कसं झालं ते ऐक.

तुझ्या दहाव्याला आम्ही चार गाड्या करून प्रकाशा या तीर्थाच्या गावी गेलो. तापीला पाणी चांगलं होतं. विधी आटोपले, लोक घाटाच्या पायऱ्यांवर उन्हात भाकरी सोडून बसले. पुरुष खाली, बायका वरच्या पायरीवर. तुळसामायलाही भिकाने गाडीतून आणलं होतं, पायांना अजून फडकी बांधलेली. मी उभा राहिलो. हात कुठे ठेवावे कळेना, म्हणून सवयीने बाही वर सारली.

झालं! हशा सुरू.

मी म्हणालो की लोटनला तीन वर्षं वास येत नव्हता. लोकांनी मांड्यांवर थापा मारल्या. मी म्हणालो, थट्टा नाही, पोळ्याच्या तापात त्याचं नाक गेलं. एकाच्या तोंडातून भाकरी उडाली. मी आवाज चढवला, ते आणखी हसले. मी हात जोडले, तेव्हा भिकाने हसून हसून डोळे पुसले. लोटन, तीस वर्षं मी या माणसांना हसवलं, आणि एक खरी गोष्ट सांगायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं. मी तिथे बाही सारून उभा, समोर अख्खं गाव खदखदतंय, आणि मला रडू येतंय ते त्यांना माझं सगळ्यात भारी सोंग वाटतंय.

“खरं शे ते,” सायजावहिनी वरच्या पायरीवरून म्हणाल्या. आवाज न चढवता.

हसणं जागच्या जागी थांबलं. मग मी उरलेलं सांगितलं. की फेरीला नाक माझं असायचं. की मार्गशीर्षात मी नवापूरला होतो. की भिकाच्या घरी लोटनने हात घातला तेव्हा वास घेणारं कुणीच नव्हतं, आणि ती ठिणगी तेव्हा आत असेल, नसेल, ते आता कळायला मार्ग नाही; पण तो ती आतच होती असं धरून चालला, आणि म्हणून अंगावर ऊब घेतली नाही, आणि म्हणून गेला. शिव्या द्यायच्या तर अर्ध्या मला द्या, मी इथे उभा आहे.

कुणीच काही दिलं नाही. भिका हातातल्या भाकरीकडे बघत राहिला. मी खाली बसावं की उभं राहावं, तेही मला कुणी सांगेना. आणि तेवढ्यात वरच्या पायरीवर तुळसामाय त्या बांधलेल्या पायांवर धडपडत उठली, सुनेचा हात झटकला, आणि तिच्या तोंडातून निघून गेलं:

“अरे बन्सी, त्याना नाकले काब्र नाव ठेवस? त्या सांजले तो ग्या, आनि मीच खापर परत मझार लिधं व्हतं. माले हिव वाजी ऱ्हायनं व्हतं रे.”